अ‍ॅन आर्बर : निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या बाबांसाठी प्रदर्शने आणि गावातील कार्यक्रम

कृष्णाकाठ

नमस्कार. मार्चच्या अखेरीस माझे आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे मिशिगनमधील अ‍ॅन आर्बरला येत आहेत आणि सप्टेंबरपर्यंत राहणार आहेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझे दुसरे बाळंतपण आहे. आईने डिंक, आळीव आणि बाळंतशेपा यांची यादी करून ठेवली आहे, त्यामुळे तिचे दिवस कसे जातील याची मला काळजी नाही. प्रश्न बाबांचा आहे.

बाबा 71 वर्षांचे आहेत. एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे त्यांनी चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुले बसवली आणि सुट्टीच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर बसून जलरंगात निसर्गचित्रे केली. सहा वर्षांपूर्वी, मोठ्या मुलाच्या वेळी, ते टेक्सासला आमच्याकडे पाच महिने होते. आमचे घर उपनगरात होते, गाडीशिवाय कोठेही जाता येत नसे आणि आम्ही दोघेही नोकरीत अडकलेलो होतो. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. परत जाताना सामान भरताना मी त्यांची स्केचची वही उघडली, तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या त्याच पार्किंगची अकरा चित्रे तीत होती. ती वही मी अजून विसरू शकलेले नाही.

आम्ही गेल्या ऑगस्टमध्येच येथे आलो आणि गावाची माहिती अजून फारशी नाही. हे मिशिगन विद्यापीठाचे गाव असल्यामुळे येथे कलेचे वातावरण चांगले आहे असे सर्वजण सांगतात, परंतु नेमके काय, कोठे आणि केव्हा हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. आमचे घर डाऊनटाऊनपासून बसने पंधरा मिनिटांवर आहे. बाबांना एकट्याने, गाडीशिवाय, पुन्हापुन्हा जाता येतील अशी ठिकाणे कोणती? केवळ पाहण्यापलीकडे त्यांना कशात भाग घेता येईल का? आणि जुलैतील प्रसिद्ध आर्ट फेअर, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला झेपेल का?

जुनी_वाट

कृष्णाकाठ, मी या गावात 22 वर्षे राहत आहे. आधी एक गोष्ट सांगते, कारण ती नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. या गावाची दोन वेगवेगळी वर्षे असतात. एक विद्यापीठाचे, जे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला पदवीदान समारंभाबरोबर संपते, आणि दुसरे गावाचे, जे त्यानंतर सुरू होऊन विद्यार्थी परत येईपर्यंत चालते. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या गावातून हजारो तरुण मुले निघून गेली की रस्ते, बाके आणि कॉफीची दुकाने एकदम मोकळी होतात. तुमचे बाबा या सांध्यावरच येत आहेत. म्हणून विद्यापीठाकडील जे पाहायचे आहे ते पहिल्या चार आठवड्यांत पाहून घ्या, थंडी आहे म्हणून मे महिन्यावर ढकलू नका. गावाचे कार्यक्रम नंतर सावकाश येतात.

त्या चार आठवड्यांत मी सर्वांत आधी त्यांना विद्यापीठाच्याच स्टॅम्प्स कलाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रदर्शने पाहायला पाठवीन. ती एप्रिलमध्ये भरतात. ज्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थ्यांची चित्रे तपासली आहेत, त्याला नावाजलेल्या चित्रकारांपेक्षाही येथे अधिक रस वाटेल असा माझा अंदाज आहे, कारण चित्रांशेजारी ती करणारी मुले बहुधा उभी असतात आणि कोणी मनापासून विचारले तर भरभरून बोलतात. याच विद्यालयाची गुरुवारी संध्याकाळची व्याख्यानमाला 1928 साली बांधलेल्या मिशिगन थिएटरमध्ये होते आणि तिला प्रवेशमूल्य नसते. व्याख्यान पूर्ण समजले नाही तरी ते थिएटर आतून पाहण्यासारखे आहे.

पुन्हापुन्हा जाण्याचे ठिकाण म्हणजे विद्यापीठाचे कलासंग्रहालय, ज्याला येथे सगळे ‘उम्मा’ म्हणतात. तिकीट नाही, सोमवारी बंद. बाहेर मार्क डी सुवेरो यांचे लालभडक लोखंडी तुळयांचे ‘ओरायन’ हे शिल्प लांबूनच दिसते, त्यामुळे वाट चुकण्याचा प्रश्न नाही. इमारतीचा जुना भाग 1910 चा आणि नवा 2009 चा. आत फ्रेंच चित्रकार मोने यांचे 1880 मधील नदीवरचा बर्फ फुटतानाचे चित्र आहे. कृष्णेचे पाणी रंगवणाऱ्या माणसाने त्या चित्रापुढे अर्धा तास बसावे, आणि तेथे खरोखरच कोणी उठवत नाही.

परंतु माझे स्वतःचे सर्वांत आवडते ठिकाण रस्त्यापलीकडे आहे. केल्सी पुरातत्त्व संग्रहालय 1891 च्या एका दगडी, किल्ल्यासारख्या इमारतीत आहे आणि तेही विनामूल्य आहे. लोक तेथे इजिप्तमधील कारानिस गावच्या उत्खननातल्या वस्तू पाहायला जातात. त्या छान आहेतच, मात्र बाबांना थेट नव्या भागातील एका खोलीत घेऊन जा. इटलीतील प्राचीन पाँपेई येथील ‘व्हिला ऑफ द मिस्टरीज’ या घरातील भित्तिचित्रांच्या, मूळ आकाराच्या जवळ जाणाऱ्या, जलरंगातील प्रतिकृती तेथे भिंतींवर लावल्या आहेत. मारिया बारोसो या इटालियन चित्रकर्तीने 1920 च्या दशकात त्या केल्या आणि ज्यांचे नाव संग्रहालयाला आहे त्या प्राध्यापक केल्सींनी त्या तिच्याकडून करून घेतल्या. भिंतीचा तो प्राचीन लाल रंग, पडलेले तडे, उडालेले पोपडे, हे सारे जलरंगात कसे उतरवले असेल हे मला कितीही वेळा पाहिले तरी कळत नाही. तुमच्या बाबांना ते कदाचित कळेल.

आर्ट फेअरबद्दल मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. जुलैचे ऊन, प्रचंड गर्दी आणि सामान्य माणसाला न परवडणाऱ्या किमती. गुडघ्याचा त्रास असेल तर टाळलेले बरे.

शिसपेन्सिल

मी येथे पीएच.डी. करीत आहे. माझा विषय कलेशी संबंधित नाही, परंतु चार वर्षांत आठवड्यातली एक दुपार मी प्रदर्शनांसाठी राखून ठेवली आहे. जुनी_वाट यांनी लिहिलेल्याला जोडून एका प्रदर्शनाविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमचे आई-बाबा अगदी वेळेवर पोहोचत आहेत आणि ते थोडेच दिवस असते.

मिशिगनच्या तुरुंगांतील कैद्यांनी केलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन विद्यापीठातील एक उपक्रम 1996 पासून भरवत आला आहे. मार्चच्या उत्तरार्धात ते सुरू होते आणि सुमारे दोन आठवडे चालते. मी पाहिले तेव्हा नॉर्थ कॅम्पसवरील डुडरस्टॅट सेंटरच्या दालनात होते. राज्यभरातील तुरुंगांत निवड करणारे लोक स्वतः जातात, कलाकारांशी त्यांच्या कामाबद्दल बोलतात आणि मग शेकडो कलाकृती येथे येतात. त्या विकल्या जातात आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातात. पहिल्या दिवशी खरेदीसाठी रांग लागते. तुरुंगात हवे ते साहित्य मिळत नसल्यामुळे साबण किंवा टॉयलेट पेपरच्या लगद्यातून केलेली शिल्पेही तेथे दिसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कागदावर केवळ बॉलपेनने काढलेले एक शेत होते आणि त्यातील प्रत्येक कणीस वेगळे होते. ज्याच्याकडे वेळाखेरीज काहीच नव्हते अशा माणसाने ते काढले होते, हे त्या रेषांतच दिसत होते. मी ते चित्र घेऊ शकलो नाही याची मला अजून हळहळ वाटते. बाबांना विमानप्रवासाचा शीण असेल, तरी हे प्रदर्शन चुकवू देऊ नका.

आता येण्याजाण्याविषयी. विद्यापीठाच्या निळ्या बसमध्ये कोणालाही विनामूल्य बसता येते, ओळखपत्र दाखवावे लागत नाही. गावाची बससेवा वेगळी आहे आणि तिच्यात ज्येष्ठांसाठी सवलतीचे ओळखपत्र मिळते. ते पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे, म्हणजे बाबांना कोणावर अवलंबून राहावे लागणार नाही.

नॉर्थ कॅम्पसला गेलातच तर माया लिन यांचे ‘द वेव्ह फील्ड’ पाहा. 1995 साली केलेली ही कलाकृती म्हणजे हिरवळीखालच्या मातीलाच दिलेल्या लाटा आहेत. अंतराळ अभियांत्रिकीचा माजी विद्यार्थी आणि हेलिकॉप्टर वैमानिक असलेल्या फ्रांस्वा-झेव्हिए बान्यू या तरुणाच्या स्मृतीसाठी ती केली आहे. दुपारी बाराला गेल्यास केवळ गवत दिसेल. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर गेल्यास प्रत्येक लाटेची सावली पडते आणि मग ती वाहू लागल्यासारखी वाटते. चित्र काढण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मुख्य कॅम्पसवर, मिशिगन युनियनच्या शेजारी, टोनी रोझेन्थाल यांचा 1968 मधील काळा पोलादी घन एका कोपऱ्यावर उभा आहे. वजन हजार किलोहून अधिक आहे, तरी हाताने जोर लावला की फिरतो. तुमच्या मोठ्या मुलाला आजोबांबरोबर तेथे पाठवा. डाऊनटाऊनमध्ये दुकानांच्या भिंतींच्या तळाशी वीतभर उंचीची, खरीखुरी कडी-कोयंड्याची पऱ्यांची दारेही आहेत. जोनाथन राइट या चित्रकाराने 2005 पासून ती बसवायला सुरुवात केली. ती शोधत फिरण्यात एक अख्खी सकाळ जाते.

संग्रहालयांत स्केच करायचे असेल तर शिसपेन्सिल आणि लहान वही न्यावी. रंग किंवा शाई आत चालत नाही, आणि वही काढण्यापूर्वी प्रवेशद्वाराशी एकदा विचारलेले बरे.

हुरॉनतीर

जुनी_वाट यांचे बाकी सर्व म्हणणे मला मान्य आहे, परंतु आर्ट फेअर टाळण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. विशेषतः एका चित्रकला शिक्षकाला तो सल्ला देऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ही जत्रा 1960 साली सुरू झाली, तेव्हा साउथ युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरील दुकानदारांना उन्हाळ्यातील सेलच्या दिवसांत गिऱ्हाईक हवे होते आणि गावातील कलामंडळाला आपली चित्रे लोकांपुढे मांडायला जागा हवी होती. दोघांची गरज एका रस्त्यावर भागली. पुढे तिच्या शेजारी आणखी जत्रा उभ्या राहिल्या आणि आज तीन स्वतंत्र जत्रा एकाच वेळी, जुलैच्या मध्यानंतर गुरुवार ते शनिवार, डाऊनटाऊनच्या बंद केलेल्या रस्त्यांवर भरतात. सुमारे हजार कलाकार येतात. येथे प्रवेशमूल्य नसते, कलाकारांची निवड परीक्षक करतात, आणि ज्याचे काम त्यानेच स्वतः स्टॉलवर उभे राहायचे असा दंडक आहे. दलाल नाही, गॅलरीचा माणूस नाही. मातीच्या भांड्यावर तो विशिष्ट निळा रंग कसा आला, लाकडी ठशात एवढी बारीक रेघ कशी उतरली, हे त्या माणसाला तोंडावर विचारता येते आणि तो हातवारे करून सांगतो. किमती अधिक आहेत हे खरे, परंतु विकत घेतलेच पाहिजे असे नाही. मी इतक्या वर्षांत दोनच वस्तू घेतल्या आहेत आणि तरीही दरवर्षी जातो.

गुडघ्याचा प्रश्न नियोजनाने सुटतो. सर्व काही पाहण्याचा हट्ट सोडावा. गुरुवारी सकाळी स्टॉल उघडतात त्याच वेळी पोहोचावे, एकच रस्ता निवडावा, दीड तासात सावलीत बसावे आणि बारापूर्वी घरी यावे. दुसऱ्या दिवशी दुसरा रस्ता. बाहेरगावचे लोक एका दिवसात सगळे उरकू पाहतात म्हणून दमतात. तुम्ही गावातच राहता, तेव्हा तुम्हाला ती घाई करण्याचे कारण नाही. गाडी नेऊ नये, बसने जावे. घडीचे लहान स्टूल मात्र अवश्य न्यावे.

जूनमध्येही दोन गोष्टी आहेत. विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये (वृक्षोद्यानात) पिओनी फुलांची बाग साधारण मेअखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलते. डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी 1920 च्या दशकात दिलेल्या रोपांपासून ती सुरू झाली. बहर थोडेच दिवस टिकतो, म्हणून बातमी ठेवावी लागते. आणि महिन्याच्या मध्यापासून ‘टॉप ऑफ द पार्क’ नावाचे, संध्याकाळी उघड्यावर होणारे विनामूल्य गाण्याचे आणि चित्रपटांचे कार्यक्रम चालतात. 1984 साली ते एका पार्किंगच्या गच्चीवर सुरू झाले, त्यावरून हे नाव पडले. आता ते खाली हिरवळीवर होतात. तान्ह्या बाळाला घेऊन तुम्हीही जाऊ शकाल, कारण मध्येच उठून गेले तरी कोणाचा रसभंग होत नाही.

एक दिवस सवड काढून डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी 1932-33 मध्ये रंगवलेली ‘डेट्रॉईट इंडस्ट्री’ ही 27 भागांची भित्तिचित्रे बाबांना दाखवा. तेथे गाडीने जाणे सोयीचे. डेट्रॉईट परिसरातील तीन काउंटींच्या (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) रहिवाशांना प्रवेश विनामूल्य आहे, परंतु आपली वॉश्टनॉ काउंटी त्यांत येत नाही, म्हणून तिकीट पडेल.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, मी खरोखर भारावून गेले आहे. तुरुंगातील प्रदर्शनाचे आणि बारोसोच्या जलरंगांचे बाबांना काल फोनवर सांगितले, तर त्यांनी ‘कागद कोणता वापरला आहे ते लिहिले आहे का?’ असे विचारले.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, त्यांना इंग्रजी वाचता येते, परंतु बोलताना ते अतिशय संकोचतात. टेक्सासला एका ठिकाणी वर्गाची चौकशी करायला गेले असता काउंटरवरील व्यक्तीने त्यांचे बोलणे पूर्ण होण्यापूर्वीच माझ्याकडे वळून उत्तर दिले होते आणि त्यानंतर ते परत कोठे गेले नाहीत. दुसरी, पर्यटक व्हिसावर असताना चित्रकलेच्या वर्गात नाव घालता येते का? आणि कोणी त्यांचे चित्र विकत मागितले, तर?

वानप्रस्थ

तुमच्या वडिलांपेक्षा मी तीन वर्षांनी मोठा आहे, आणि दर उन्हाळ्यात मुलाकडे याच गावात येऊन राहतो. बँकेत नोकरी केली, हातात कधी ब्रश धरला नव्हता. तरीही तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देऊ शकतो, कारण तो संकोच मी स्वतः भोगला आहे.

मी पहिल्या वर्षी केरीटाऊनमधील शेतकरी बाजारात जाऊ लागलो. 1919 पासून चालत आलेला हा बाजार मे महिन्यापासून बुधवारी आणि शनिवारी भरतो, आणि त्याच छपराखाली रविवारी हस्तकला करणाऱ्यांचा बाजार असतो. भाजी घेताना बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. भेंडी हातात घेतली की तिच्याबद्दलच बोलायचे असते. तिसऱ्या शनिवारी एका शेतकरी बाईंनी मला मी घेतलेल्या वांग्यांचे काय करतो असे विचारले आणि मी त्यांना भरली वांगी समजावून सांगितली. कशी सांगितली ते आज आठवत नाही, परंतु पुढल्या खेपेस त्यांनी लहान वांगी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. तुमच्या वडिलांनी तेथे एका कोपऱ्यात स्टूल टाकून स्केच करायला बसावे. चित्र काढणाऱ्या माणसाला पहिले वाक्य बोलावे लागत नाही, लोकच येऊन बोलतात. त्यांना माझ्याइतकेही कष्ट पडणार नाहीत.

वर्गांविषयी. लिबर्टी स्ट्रीटवरील अ‍ॅन आर्बर आर्ट सेंटर ही संस्था 1909 सालची आहे. तेथे चित्रकलेचे आणि मातीकामाचे थोड्या आठवड्यांचे वर्ग असतात, खाली प्रदर्शनाचे दालन आहे. पदवीसाठी न धरला जाणारा, केवळ आवडीसाठी केलेला लहान वर्ग बी-2 म्हणजे पर्यटक व्हिसावर चालतो. मी स्वतः मातीकामाचा वर्ग केला. पैसे घेऊन चित्र विकणे किंवा मोबदला घेऊन शिकवणे मात्र करू नये. कोणाला चित्र आवडले तर भेट म्हणून द्यावे. मिरजेच्या माणसाला ते अधिक शोभेल असेही मला वाटते.

आणखी एक गोष्ट. गावाच्या मुख्य ग्रंथालयात तुमचे कार्ड असेल तर चौकटीत लावलेली चित्रे पुस्तकांसारखी घरी नेता येतात. आमच्या सुनेने बैठकीत त्यांसाठी एक खिळा कायमचा ठोकून ठेवला आहे आणि पुढचे चित्र मी निवडतो. ग्रंथालयात बसायला चांगल्या खुर्च्या आहेत, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे. आमच्या वयाला कोणत्याही प्रदर्शनाइतकेच हेही महत्त्वाचे असते, आणि ते तरुण माणसांच्या सल्ल्यांत येत नाही, म्हणून लिहिले.

बाळंतपण विद्यापीठाच्या रुग्णालयात होणार असेल तर तेथील मुख्य इमारतीतील मार्गिकांतही चित्रांची आणि हस्तकलेची बदलती प्रदर्शने मांडलेली असतात. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सहा तास मला बसवत नव्हते. काचेच्या एका कपाटात लाकडी वाडगे मांडले होते. मी ते इतक्या वेळा पाहिले की आजही त्यांतील प्रत्येकाच्या कडा मला सांगता येतील.

सप्टेंबरमध्ये शनिवारी फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी त्यांना डाऊनटाऊनला एकटे पाठवू नका. स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक लोक येतात आणि बसचे मार्ग बदलतात. वडील आले की मला येथेच निरोप ठेवा. मी बुधवारी सकाळी नऊ वाजता बाजाराच्या छपराखाली असतो.

कृष्णाकाठ

जूनचा दुसरा आठवडा सुरू आहे. धागा वर काढते आहे, कारण आपणा सर्वांना सांगणे माझे कर्तव्य आहे. बाळ आणि मी सुखरूप आहोत. मुलगी झाली.

बाबांनी उतरल्यानंतर चौथ्याच दिवशी तुरुंगातील प्रदर्शन पाहिले. तेथे ते जवळजवळ तीन तास होते आणि घरी आल्यावर रात्री जेवताना एवढेच म्हणाले की, रंग कमी असले की मुले रेषेकडे नीट पाहतात हे ते वर्गात सांगत असत, पण स्वतः त्यांनी कधी फक्त पेन घेऊन वर्षभर काम केले नाही. तेव्हापासून ते बॉलपेन वापरत आहेत. बारोसोच्या खोलीत ते आतापर्यंत सात वेळा गेले. शिसपेन्सिल यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी प्रवेशद्वाराशी स्वतः विचारले, मी बरोबर नव्हते. त्यांच्या मते तो लाल रंग एका हातात चढवलेला नाही, आधी पिवळसर थर देऊन, तो पूर्ण वाळल्यावर वर लाल दिला असावा. घरी त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर तसे करून पाहिले आणि ते तुकडे आमच्या फ्रिजवर लावलेले आहेत.

वानप्रस्थ काका, आपण त्यांना बुधवारी भेटता हे त्यांच्याकडून कळतेच, तरीही येथे सर्वांसमोर आपले आभार मानते. आईसुद्धा परवा पिओनीच्या बागेत आली होती. तिने फुलांपेक्षा प्रत्येक वाफ्यापुढची नावाची पाटी अधिक लक्षपूर्वक वाचली.

आर्ट फेअरला गुरुवारी सकाळी जाण्याचे ठरले आहे. हुरॉनतीर, आपण कोणत्या रस्त्यापासून सुरुवात करावी असे सुचवाल? बाबांना लाकडी ठशांचे काम करणारे कलाकार आधी पाहायचे आहेत. त्यांच्या वहीत आता एकवीस पाने भरली आहेत. पार्किंगचे एक चित्र त्यांत आहे, परंतु ते आमच्या पार्किंगचे नाही. बुधवारच्या बाजाराशेजारचे आहे, आणि त्यात घडीच्या स्टुलावर कोणीतरी पाठमोरे बसलेले आहे.